थापकाम

"माती किती वेळ भिजवायची, दौलतराव?"

हे विचारणाऱ्या बाईंच्या खांद्याला कापडी झोळी होती आणि हातात वही होती. आमच्या दोघांच्या मध्ये, शाळेच्या व्हरांड्यात, ताडपत्रीवर गाडीभर काळ्या मातीचा ढीग होता. ढिगाभोवती बावीस पोरं मांड्या घालून माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. माती किती वेळ भिजवतात हे मला माहीत नव्हतं. भिजवतात, हेच मुळात त्या क्षणी कळलं.

मी ढिगाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणालो, "मातीच्या स्वभावावर असतं ताई. ही जरा रुसकी वाटते. हिला उद्यापर्यंत भिजू द्या."

बाईंनी वहीत लिहून घेतलं, 'रुसकी माती, एक दिवस.'

इथंच मी खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. का झालो नाही, ते सांगतो.

ही सव्वीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा बासष्टचा होतो, म्हणजे अजून पोरवयच. पिंपळसोंडला माझी पिठाची गिरणी होती. दळणाला आलेल्या माणसाला दुसरा उद्योग नसतो. ते आपलं डब्यावर बसून फिरत्या पट्ट्याकडं बघत राहतं. त्याचा वेळ जावा म्हणून मी बोलायचो. आता खरं सांगण्यासारखं आमच्या गावात आठवड्याला जेमतेम दहा मिनिटांचं घडायचं, उरलेलं मलाच घडवावं लागे. त्यातून गावानं मला 'थापाड्या नाना' करून टाकलं. गिरणीत वाघ दळण घेऊन आला होता, ही माझी त्या काळातली सगळ्यात गाजलेली थाप. पाच पायली बाजरी आणली होती त्यानं, आणि बाजरी जरा ओलसर होती.

तर त्या वहीवाल्या बाई, वासंतीताई, पुण्याहून आल्या होत्या. सुटीत खेडोपाडी जाऊन मुलांची शिबिरं घ्यायची, चित्रं, कागदकाम, मातीकाम, असा त्यांचा पंधरा दिवसांचा बेत असे. कुठल्याशा गावात त्यांनी एका कुंभाराला लाकडी थापीनं मडकं थापताना बघितलं होतं आणि तो थाप-थाप आवाज त्यांच्या कानांत बसला होता. आमच्या गावात पाय ठेवल्याबरोबर त्यांनी सरपंचांना विचारलं, "मुलांना थापा शिकवील असं कुणी जाणतं माणूस आहे का इथे?"

"थापा?" सरपंच म्हणाले. "पोरांना शिकवायच्यात?"

"हो, अगदी मुळापासून. ही कला मरत चाललीय हो हल्ली."

"आमच्या गावात न्हाई मरायची," सरपंच छातीठोकपणे म्हणाले. "तुम्ही काळजीच सोडा. अख्ख्या तालुक्यात असा माणूस घावायचा न्हाई तुम्हाला."

मला निरोप आला तो असा, की शाळेत पुण्याच्या बाई आल्यात, पोरांना थापा मारून दाखवायच्यात, चहा-पोहे आहेत. मी धुतलेला सदरा घालून, वाघाची उजळणी करत शाळेत गेलो. बघतो तर फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं : 'थापकाम. मार्गदर्शक : श्री. दौलतराव नलवडे.' आणि भोवती वेलबुट्टी.

श्री. काय, दौलतराव काय! माझी मंडळी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिच्याशिवाय मला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नसे, आणि तीही रागावली तरच मारायची. मी त्या वेलबुट्टीकडं बघत राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडं तीन पिढ्या हेच काम आहे ताई."

त्यात खोटं काही नव्हतं. माझा बापही थापाड्याच होता.

दुसऱ्या दिवशी मला जे येत होतं ते मी केलं, कणीक मळली. गाडीभर मातीची कणीक. पोरांनी त्यातून बैल केले, चुली केल्या, एकानं एसटी केली. सगळं व्हरांड्यात वाळत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर बैल उभे चिरलेले आणि एसटीचे तीन तुकडे तीन गावांना निघालेले.

"नाना, भेगा पडल्या!" पोरं ओरडली.

"पडल्या नाहीत, पाडल्या," मी म्हणालो. "मे महिना आहे. बैलाला हवा नको खेळायला?"

पोरं हसली. वासंतीताईही हसल्या, पण या वेळी त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

पोरं हात धुवायला हातपंपाकडं पळाली तेव्हा एक मागं राहिली. माने वस्तीवरची उजी. नऊ-दहा वर्षांची असेल, दोन वेण्या, एकीची रिबीन लाल, दुसरीची निळी. तिनं तीन दिवसांत मातीला हात लावला नव्हता. मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन नुसती बसायची.

"नाना," ती म्हणाली, "तुमास्नी येत न्हाई नव्हं?"

"काय येत नाही?"

"मातीचं."

मी तोंड उघडलं होतं, वाघ अगदी ओठावर आला होता. पण ती टक लावून बघत होती आणि मला तो वाघ परत गिळावा लागला.

"कुणाला सांगितलंस?"

"न्हाई."

"सांगणारायस?"

"न्हाई. पन ज्याला येतं त्याला तुमी आणायचं. मला एक करून पायजे."

तिनं फडकं सोडलं. आत एक गोवरी होती. साधी, वाळलेली, शेणाची गोवरी. आणि मी हसलो. आजही ते हसू आठवलं की मला पाणी प्यावं लागतं.

"अगं, बाईंनी रंगीत कागद आणा म्हणून सांगितलं, तू जळण आणलंस होय?"

तिनं गोवरी उलटून वरची बाजू माझ्यासमोर धरली. शेणावर पंजा उमटलेला होता. ओलं शेण भिंतीला थापताना बाई हात दाबते, बोटं पसरते, तो पंजा. पाची बोटं अशी स्वच्छ, की तळव्यावरच्या रेघा मोजाव्यात.

"आईची हाय," उजी म्हणाली.

तिच्या आईला मी ओळखत होतो. हौसा तिचं नाव. दळणाला यायची. माझी वाघाची गोष्ट सगळी बायामंडळी तोंडाला पदर लावून ऐकत, ही मात्र मध्येच विचारायची, "पीठ चाळून घेतलं का हो वाघानं?" पौषात काविळीनं गेली. पंधरा दिवसही अंथरुणाला नव्हती.

"आईनं थापल्याल्या गोवऱ्यांची हुडवी होती परसात," उजी सांगू लागली. "माझ्याहून उंच. चुलती रोज काढती. काढू दे, सैपाकाला लागतंच. ही शेवटली. मी कणगीमागं लपवली. पन हिला आतनं किडं लागल्यात." तिनं कडेला बोट लावलं तर चिमूटभर भुगा तिच्या फ्रॉकवर पडला. "शिबिर सुटायच्या आत मला ह्यी मातीची करून पायजे. भाजल्याली. मोडली न्हाई पायजे."

मी त्या गोवरीला हात लावायला गेलो आणि मागं घेतला.

"करून देतो," मी म्हणालो. मग स्वतःच दुरुस्ती केली, "आणतो त्याला."

आणायचं म्हणजे सोपान कुंभाराला. आमच्या गावात मातीचं येणारा तो एकच, आणि तो माझ्याशी आठ वर्षं बोलत नव्हता. लहानपणी आम्ही एका चिंचेवरून पडलेलो, पण नंतर माझ्याकडून एक आगळीक झाली. गिरणीत एकदा बोलता बोलता मी सांगून बसलो, की सोपानच्या माठातलं पाणी पंधरा दिवस प्यालं की माणसाचं घोरणं बंद होतं. माझ्या मेहुण्याचं झालं, बुधवारी दुपारी. झालं! चार गावांतल्या बायकांनी आठ दिवसांत त्याचे चाळीस माठ उचलले. सोपान खूश. पंधरा दिवसांनी चाळीसच्या चाळीस माठ परत आले. एक बाई तर माठाबरोबर नवऱ्यालाही घेऊन आली आणि पुरावा म्हणून त्याला सोपानच्या अंगणात झोपवला. तेव्हापासून सोपानचं दळण शेजारच्या गावाला जायचं.

मी गेलो तेव्हा तो दारात बसून मडकं थापत होता.

"सोपान."

थाप, थाप, थाप.

"सोपाना, अरे मी आलोय."

"घोरणारं कोण आणलंयस काय संगं?" त्यानं मडक्यालाच विचारलं.

"शाळेत मातीकाम शिकवतोय."

"कोण?"

"मी."

थापी हवेतच थांबली. "तू? माती?"

"फळ्यावर लिहिलंय. वेलबुट्टी काढून."

सोपाननं मडकं खाली ठेवलं, पंच्यानं डोळे पुसले आणि मग तो इतका हसला की त्याची बायको बाहेर येऊन बघून गेली. त्याचं हसून होईपर्यंत मी उभा राहिलो. मग त्याला गोवरीचं सांगितलं. त्यात चिंधीभरसुद्धा वाढवलं नाही, रिबिनीचे रंगही होते तेच सांगितले.

"ह्यी बी बुधवारचीच काय?" सोपान म्हणाला.

"सोमवारची. आजच सकाळची."

त्यानं माझ्याकडं बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं.

"हौसाची पोरगी व्हय?"

"हं."

तो थापी धुवायला लागला. "उद्या येतो. पन एक. पोरांच्या म्होरं, त्या बाईंच्या म्होरं, तू तुझ्या तोंडानं सांगायचं, मला येत न्हाई म्हणून."

सांगितलं. दुसऱ्या दिवशी बावीस पोरांसमोर उभा राहून सांगितलं, की मी गिरणीवाला आहे, मला कणीक मळता येते, माती नाही. बैल मी चिरले. मी वासंतीताईंकडं बघायचं टाळून फळ्याकडं बघत होतो, आता वेलबुट्टी पुसतील म्हणून.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, दौलतराव," त्या म्हणाल्या. "माती रुसकी असते असं मला आजवर एकाही कुंभाराने सांगितलेलं नाही."

"मग काढलं का नाहीत मला?"

"पुढे काय सांगताय ते ऐकायचं होतं ना!" मग पोरांकडं वळून त्या म्हणाल्या, "काय रे, नानांना घरी पाठवायचं का?"

"वाघाचं ऱ्हायलंय अजून!" एसटीवाला पोरगा ओरडला.

त्या दिवसापासून व्हरांड्यात दोन तऱ्हेचं थापकाम सुरू झालं. सोपाननं माती चाळली, तीत राख घातली, लीद घातली, पायांनी तुडवून लोण्यासारखी मऊ केली. पोरं हातांनी थापायची आणि मी तोंडानं. ऐकताना पोरांचे हात शहाण्यासारखे चालतात, हे वासंतीताईंचं निरीक्षण. आणि पोरांनीच हट्ट धरला म्हणून मी त्यांना थापेचं शास्त्रही शिकवलं.

"नुसता वाघ म्हटलं की हसतात," मी सांगायचो. "डाव्या कानाला चीर गेलेला वाघ म्हणायचं. नुसती बाजरी नाही, जरा ओलसर बाजरी. बारीक काहीतरी घालायचं, जे उगाच कुणी घालणार नाही. मग वार सांगायचा. वार ऐकला की माणूस गप्प होतो."

"तुमी कायम बुधवारच का सांगता?" उजीनं विचारलं.

"बुधवारी गिरणी बंद. साक्षीदार नसतो."

सोपाननं मान खाली घालून "चाळीस माठ" एवढंच म्हटलं.

"आणि सांगताना," मी पुढं रेटलं, "समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. पापणी हलली की थाप मेली. हां, एकेकानं मारून दाखवा."

पोरांनी धमाल केली. एकाच्या शेळीनं अंडं घातलं, एकाचा आजा विमानातून पडून विहिरीत उतरला. उजीची पाळी आली. ती उभी राहिली, म्हणाली, "आमच्या परसात हत्ती आला," आणि तिला फिस्सकन हसू फुटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा तर हत्ती यायच्या आधीच हसली.

"मला न्हाई जमायचं नाना. खोटं बोलाया लागलं की माझं तोंडच ऐकत न्हाई."

"नाही जमलं तरी चालतं," मी म्हणालो. "काहींना नाही जमत."

पाचव्या दिवशी सोपान गोवरीला बसला. मातीची जाड पोळी करून ती गोवरीवर दाबायची, हलकेच उचलायची, असा त्याचा बेत. पण माती शेणाला चिकटली तर गोवरीही जायची आणि माती पण.

"राख भुरभुरवतो वर," सोपान म्हणाला.

"थांब, राख जाड पडंल. रेघा बुजतील." मी पुढं झालो. चाळीस वर्षं पिठात काढलेल्या माणसाला एवढं तरी कळतं. गिरणीतून तांदळाचं पीठ आणलं, मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळलं आणि चिमटीनं त्या पंजावर सोडलं. अंगठ्यात बसलं, तळव्यात बसलं. करंगळी जरा आत दबलेली होती, तिच्यात नीट जाईना. मी जमिनीला गाल लावून हळूच फुंकर मारली तेव्हा अगदी टोकापर्यंत जाऊन बसलं. माझ्या हातून या जगात काही कला घडली असेल तर ती एवढीच.

सोपाननं माती दाबली. थापीनं नाही, आपल्या तळहातानं, तान्ह्या पोराला निजवताना थोपटतात तसं. मग दोन्ही कडांना बोटं घालून ती उचलली आणि उलटी केली.

गोवरीत बोटांचे नुसते खड्डे होते. मातीत ते खड्डे भरून वर आले होते. मातीतून एक हात बाहेर आलेला होता. फुगीर तळवा, पाच बोटं, रेघा.

"हा झाला साचा," सोपान म्हणाला. "आता ह्यो वाळला की ह्याच्यावर दुसरी माती दाबायची. मग तुझ्या गोवरीसारखीच खोल बोटं येतील बघ."

उजी जवळ आली. तिनं आपला हात त्या ओल्या मातीवर अलगद धरला, तळव्याला तळवा, बोटांना बोटं. दोघींच्या बोटांत एका पेराचा फरक होता.

"नको," ती म्हणाली. "दुसरं काय करू नका. गोवरीवर नुसती हाताची जागा होती. ह्यो हात हाय."

सोपान उठून हातपंपाकडं गेला. बराच वेळ पंप मारल्याचा आवाज येत होता.

हात आठ दिवस सावलीत वाळवला. रोज सकाळी उजी येऊन बघायची, भेग पडलीय का. पडली नाही. मग शिबिराच्या तेराव्या दिवशी दुपारी सोपानच्या अंगणात वस्तू भाजायचा आवा रचायला घेतला. खाली पाचट, वर पोरांच्या वस्तू, त्यावर गोवऱ्या, मग पुन्हा तसंच, असा ढीग. सोपानचा एक नेम होता : ज्याची वस्तू आव्यात जाणार त्यानं आपल्या घरची एक तरी गोवरी आणायची. बाजारचं जळण चालायचं नाही. "आपलं आपल्याला ओळखतं," एवढंच तो म्हणायचा. सगळी पोरं एकेक गोवरी डोक्यावर घेऊन आली. वासंतीताईंनी कागदासारखी मातीची घडी करून एक पणती केली होती, तिच्यासाठी सरपंचांच्या घरून गोवरी आणली.

उजी फडकं घेऊन आली.

"अगं, तुझी राहू दे," सोपान घाईनं म्हणाला. "माझ्यातली घालतो मी तुझ्या नावानं."

"ज्याची वस्तू त्याची गोवरी नव्हं?"

"नेम काय, माझाच हाय. मोडतो की."

तिनं फडकं सोडलं. गोवरीचा एक कोपरा आता पार भुगा झालेला होता. तिनं मला विचारलं, "नाना, हात फुटणार न्हाई नव्हं आव्यात?"

बावीस पोरं माझ्याकडं बघत होती. वाघाच्या मिशांची, हवा खेळणाऱ्या बैलांची सवय झालेली पोरं. सोपानही बघत होता. मी एक वाक्य बोललो असतो तर ती पोरगी निर्धास्त झाली असती.

"माहीत नाही गं," मी म्हणालो. "दहात तीन-चार फुटतात. फुटला तर हातही जाईल आणि गोवरीही. तू ठेव ती."

तिनं विचार केला. गोवरी उलटसुलट करून बघितली.

"आईनं चुलीसाठीच थापली होती," ती म्हणाली. "ठेवून किडंच खातील."

आणि ती पुढं झाली, हात जिथं ठेवला होता तिथं बरोबर वर, पंजा खाली करून, तिनं ती गोवरी ठेवली. दोन्ही हात एकावर एक आले. मग सोपाननं पाचट पसरलं, मातीनं लिंपलं आणि विस्तव लावला.

शिबिराचा शेवटचा दिवस उजाडला. शाळेत टेबलं मांडून झाली होती, वासंतीताईंनी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. एक चिठ्ठी मी बघितली : 'थापकाम : श्री. सोपान कुंभार. थापा : श्री. दौलतराव नलवडे.' दोन्हीकडं सारखीच वेलबुट्टी.

सकाळी आव्याभोवती सगळे जमलो. सोपाननं काठीनं राख बाजूला करायला सुरुवात केली. एक चूल निघाली, अख्खी. एक बैल, शिंगाविना. वासंतीताईंची पणती. एसटी निघाली, लाल भाजलेली, तिचा मालक नाचायला लागला. प्रत्येक वस्तू निघाली की उजी नुसती ओठ दाबायची.

मग राखेतून बोटं दिसली.

सोपाननं फुंकर मारली. हात अख्खा होता. पाच बोटं, रेघा, सगळं, आणि रंग असा, की मेंदी काढून वाळवत ठेवलाय.

"आला!" मी ओरडलो. "मी काढतो, मी काढतो!"

"दौल्या, थांब. गरम हाय आजून."

पण मी कसला थांबतोय! माझं पीठ होतं ना त्यात. मी डोक्यावरची टोपी काढून हाताला गुंडाळली आणि तो मातीचा हात उचलला. उचलला तसा चटका टोपीतून आत आला, माझ्या हाताला हिसका बसला आणि मातीची बोटं आव्याच्या कडेच्या दगडाला लागली.

टक्.

एवढासाच आवाज. करंगळीचं टोक, हरभऱ्याएवढं, राखेत पडलं.

मी गुडघ्यावर तसाच, दोन्ही हातांत तो हात धरून. आग लागली होती बोटांना, पण ठेवायचं सुचेना. तोंड उघडलं. आत काही नव्हतं. वाघ नव्हता, बाजरी नव्हती.

उजी पुढं आली. फ्रॉकचा घेर पसरून तिनं माझ्या हातातून तो हात घेतला, फुंकर मारून राख उडवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं खाली पडलेल्या तुकड्याकडं बघितलं, मग माझ्या भाजलेल्या बोटांकडं बघितलं. मग मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं.

"असंच होतं नाना," ती म्हणाली.

"काय गं?"

"आईच्या करंगळीचं टोक. असंच गेलेलं होतं. विळीवर. कैरी चिरताना."

त्या करंगळीत मी पीठ बसवलं होतं. जमिनीला गाल लावून, अगदी टोकापर्यंत.

"कैरी जरा पाडाची होती," उजी म्हणाली. पापणी हलली नाही. हसू फुटलं नाही. "बुधवार होता."

सोपान पाठ फिरवून राख उकरायला लागला, तिथं काही उरलेलं नसताना.

"बुधवारच असणार," मी म्हणालो.